प्रज्वलन वेटोळे व त्याच्या मंडलाचे दोषनिदान

पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरात दाबल्या गेलेल्या हवा व इंधन यांच्या मिश्रणाला योग्य क्षणी विद्युत् ठिणगीने पेटविणाऱ्या यंत्रणेला प्रज्वलन यंत्रणा म्हणतात. मोटारगाडीतील विद्युत् घटमालेचा दाब ६ किंवा १२ व्होल्ट असतो, तर दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी-गुडदीच्या अर्ध्या-पाऊण मिमी. फटीत ठिणगी पाडण्यास साधारणतः १० ते २० हजार व्होल्ट लागतात. हे अंतर भरून काढणारे साधन म्हणजे प्रज्वलन वेटोळे होय. वेटोळे, त्याला प्रवाह पुरविणाऱ्या तारा, प्रवाह खंडित करणारी यंत्रणा आणि ठिणगी सिलिंडरापर्यंत नेणारे भाग मिळून प्रज्वलन मंडल बनते. एंजिन सुरू न होणे, चालता चालता बंद पडणे किंवा कारागीर ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तशी एखाद्या सिलिंडरातील ठिणगी अधूनमधून चुकणे, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या मंडलात सापडते. ते नेमके कोठे आहे हे शोधण्याच्या रीती एंजिनाच्या रचनेबरोबर बदलत गेल्या. त्या बदलाचा इतिहास येथे दिला आहे.

पूर्वेतिहास : मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आयर्लंडमधील मेनूथ येथील महाविद्यालयात शिकविणारे धर्मोपदेशक निकोलस कॅलन (१७९९–१८६४) यांनी १८३६ मध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे देऊन, जाड तारेतील प्रवाह एकाएकी तोडला असता बारीक तारेत फार मोठा विद्युत् दाब निर्माण होतो, हे दाखविले. पॅरिसमधील जर्मन उपकरणकार हाइन्रिख रूमकोर्फ (१८०३–७७) यांनी १८५१ च्या सुमारास अशी वेटोळी विक्रीसाठी बनविण्यास सुरुवात केली, आणि त्यांचेच नाव या उपकरणाला चिकटले. आर्मां फीझो (१८१९–९६) यांनी १८५३ मध्ये प्रवाह तोडणाऱ्या संपर्काला समांतर धारित्र जोडण्याची सूचना केली. प्रवाह तोडताना संपर्कापाशीच जी ठिणगी पडे ती धारित्रामुळे क्षीण झाली, प्रवाह अधिक जलद नाहीसा होऊ लागला व द्वितीयक गुंडाळीतील दाब वाढला. मोटारगाडीच्या वितरकावर पुढे जो लहानसा काँडेन्सर बसविलेला दिसे, त्याचे मूळ या सूचनेत आहे.

एत्येन लन्वार (१८२२–१९००) यांनी १८६० मध्ये पॅरिस येथे बनविलेल्या कोळसा-वायूवरील एंजिनात रूमकोर्फ वेटोळे व चिनी मातीचे निरोधन असलेली ठिणगी-गुडदी वापरली होती. तथापि हा मार्ग लगेच रूढ झाला नाही. निकोलाउस ऑटो यांच्या १८७६ च्या चार धावी एंजिनात सरकत्या झडपेतून ज्योत आत नेऊन मिश्रण पेटवीत, तर गोटलीप डाइमलर यांनी १८८३ मध्ये बाहेरून ज्योतीने लाल तापविलेल्या नळीचा अवलंब केला. तापलेली नळी दिसण्यात धोकादायक असली तरी तिच्यात बिघडण्यासारखे फारच थोडे होते. विजेची ठिणगी हवी त्या क्षणी पाडता येते हे सर्वांना ठाऊक होते. पण ती दर वेळी पडेलच याची शाश्वती नव्हती. कार्ल बेन्झ (१८४४–१९२९) यांनी मात्र १८८५–८६ मधील आपल्या तीनचाकी गाडीत घटमाला व वेटोळे यांचाच उपयोग केला, आणि प्रज्वलन हाच मोटारगाडीपुढील सर्वांत बिकट प्रश्न आहे असे ते मानीत. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ या दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्ट्‌सहाइमला, सुमारे १०० किमी. अंतरावर, गाडीने गेल्या. वाटेत प्रज्वलनाच्या तारेचे निरोधन झिजून ती उघडी पडली, तेव्हा त्यांनी आपल्या मोज्याचा बंद तिच्यावर गुंडाळून काम भागविले, असे सांगतात. ही कथा खरी धरली, तर मोटारगाडीच्या पहिल्याच लांब प्रवासात प्रज्वलन मंडलातील दोष वाटेवर ओळखून दुरुस्त केला गेला, असे म्हणावे लागेल.

कंपक वेटोळे : बेन्झ यांच्या गाडीतील वेटोळे विद्युत् घंटेसारखे काम करी. गाभा चुंबकित झाला की तो समोरची पोलादी पट्टी ओढून घेई, त्यामुळे प्रवाह तुटे, पट्टी परत जाई व प्रवाह पुन्हा सुरू होई. एका स्फोटासाठी एक ठिणगी न पडता ठिणग्यांची सरच पडे. या रचनेचा सर्वांत मोठा प्रसार फोर्ड कंपनीच्या १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या ‘टी’ प्रतिमानाने केला. या गाडीत चार सिलिंडरांसाठी चार स्वतंत्र वेटोळी असत. प्रत्येक वेटोळे लाकडी डबीत डांबरासारख्या पदार्थात बसविलेले असून चारही डब्या चालकासमोरील एका पेटीत ओळीने ठेवलेल्या असत. प्रवाह प्रचक्रावर बसविलेल्या चुंबकांपासून मिळे. कोणत्या वेटोळ्याला केव्हा प्रवाह द्यावयाचा हे एंजिनाच्या पुढील बाजूस असलेला, फिरत्या रुळाचा कालनियंत्रक ठरवी.

दोषनिदानाच्या दृष्टीने ही गाडी आजही अभ्यासण्यासारखी आहे. एंजिन अडखळू लागले की चालकाने पेटीचे झाकण काढून दोन कंपक पट्ट्या बोटांनी दाबून धराव्यात, म्हणजे ते दोन सिलिंडर बंद होत व उरलेले दोन चालत. त्यांचा आवाज एकसारखा असेल, तर दोष दाबलेल्या जोडीत आहे असे समजावे. मग तीन पट्ट्या दाबून एकेक सिलिंडर तपासावा. दोषी सिलिंडर सापडला की त्याची डबी शेजारच्या डबीशी अदलाबदल करावी. दोष डबीबरोबर सरकला तर वेटोळे खराब. तेथेच राहिला तर गुडदी, तार किंवा कालनियंत्रक खराब. या कृतीला कोणतेही मापक लागत नसे. शिवाय प्रत्येक वेटोळ्याची गुणगुण कानाला ऐकू येत असल्याने प्राथमिक गुंडाळीपर्यंत प्रवाह पोहोचतो की नाही, हे न पाहताही कळे. दमट हवेने लाकूड ओलसर झाले की उच्च दाबाची वीज डबीतूनच वाट काढी. मात्र या वेटोळ्यांचे सर्वांत अधिक नुकसान हवामानापेक्षा मालकांच्या हातांनीच झाले असावे. गुणगुण चांगली वाटेपर्यंत संपर्काची चकती पिरगाळण्याचा मोह अनेकांना होई. कानाला गोड लागणारे वेटोळे एंजिनाला योग्य असतेच असे नाही. म्हणून हाताने फिरवावयाच्या चुंबकी जनित्राचे तपासणी यंत्र विक्रेत्यांकडे ठेवलेले असे व त्यावर सुमारे १.३ अँपिअर प्रवाहाला वेटोळ्याची ठिणगी नियमित पडेल अशी त्याची जुळणी करीत.

मॅग्नेटो : घटमाला संपली की गाडी थांबे, ही वेटोळ्याची मोठी अडचण होती. रोबर्ट बोश (१८६१–१९४२) यांच्या श्टुटगार्ट येथील कर्मशाळेत १८८७ पासून स्थिर एंजिनांसाठी मॅग्नेटो तयार होत असत, व १८९७ मध्ये तो एका तीनचाकी वाहनावर बसविण्यात आला. त्यांचे सहकारी गोटलोप होनोल्ट (१८७६–१९२३) यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. घटमालेवाचून चालणारे हे यंत्र विमानांत टिकून राहिले. मोटारगाडीत मात्र एंजिन हळू फिरत असताना, म्हणजे नेमके सुरू करतेवेळी, त्याची ठिणगी दुर्बळ असे व किंमतही जास्त पडे. महाराष्ट्रातील वाचकाला प्रचक्रातील मॅग्नेटोचा परिचय झाला तो मुख्यतः स्कूटरमुळे. आकुर्डी येथे १९७२ पासून बनू लागलेल्या बजाज चेतक या स्कूटरचे प्रज्वलन याच जातीचे होते. स्कूटर एका बाजूला कलती करून नंतर गुडदी काढून पुसणे, हे या राज्यातील एका संपूर्ण पिढीने केलेले दोषनिदानच होय.

केटरिंग यांची रचना : चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) यांनी अमेरिकेतील डेटन येथे १९०९ मध्ये स्थापिलेल्या कंपनीने तयार केलेली यंत्रणा १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर बसविण्यात आली. तीत कंपक पट्टी नव्हती. एंजिनानेच फिरविलेल्या कॅमने संपर्क उघडे व प्रत्येक स्फोटासाठी एकच जोरकस ठिणगी पडे. केटरिंग यांचाच विद्युत् आरंभक १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये आला, तेव्हा गाडीत मोठी घटमाला व ती भारित करणारे जनित्र या दोन्ही गोष्टी आपोआप आल्या आणि मॅग्नेटोचे मुख्य समर्थनच संपले. बोश कंपनीनेही १९२५ मध्ये घटमाला-प्रज्वलन बाजारात आणले. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर चालल्या. भारतात बनलेल्या ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी व मारुती ८०० या गाड्यांच्या जुन्या आवृत्त्यांतही हीच मूळ रचना होती.

या रचनेतील वेटोळ्यात जाड तारेचे काहीशे वेढे व केसासारख्या बारीक तारेचे सुमारे वीस हजार वेढे असतात. १२ व्होल्टच्या नेहमीच्या वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध सुमारे ३ ओहम, म्हणजे पूर्ण प्रवाह सुमारे ४ अँपिअर असतो. द्वितीयक गुंडाळीचा रोध अनेक हजार ओहम भरतो. संपर्क बंद असताना गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठते. संपर्क उघडताच ते कोसळते. त्यामुळे प्राथमिक गुंडाळीतच दोन-तीनशे व्होल्ट व द्वितीयक गुंडाळीत हजारो व्होल्ट निर्माण होतात. हा दाब वितरकाच्या टोपणातील फिरत्या भुजेमार्फत, म्हणजे रोटरमार्फत, योग्य त्या गुडदीकडे जातो.

क्षेत्र साठण्यास काही काळ लागतो, ही या रचनेची मर्मगोष्ट आहे. चार सिलिंडरांचे चार धावी एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या, म्हणजे एका ठिणगीसाठी १० मिलिसेकंद मिळतात. आठ सिलिंडरांच्या ६,००० फेऱ्यांच्या एंजिनात हाच अवधी अडीच मिलिसेकंदांवर येतो, आणि संपर्क त्यातला काही भागच बंद असतो. म्हणून संपर्क किती अंश बंद राहतात त्या कोनाला महत्त्व आहे. संपर्काच्या भुजेवरील तंतुमय टाच कॅमवर घासून झिजली की फट कमी होते, संपर्क अधिक वेळ बंद राहतात व ठिणगी उशिरा पडू लागते. गाडीचा जोर कमी होतो, पेट्रोल जास्त लागते आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देतो.

दिव्याची चाचणी : केटरिंग यांचे वेटोळे मुके होते. कंपकाची गुणगुण गेली आणि दोषाची खूणही गेली. तिची जागा गाडीतल्याच एका लहान दिव्याला दोन तारा जोडून केलेल्या चाचणी दिव्याने घेतली. त्याची एक तार गाडीच्या धातूच्या सांगाड्याला लावून दुसरी मंडलातील एकेका ठिकाणी टेकवीत. किल्ली फिरवूनही वेटोळ्याच्या स्विचकडील अग्रावर दिवा लागला नाही, तर दोष त्याच्या अलीकडे, म्हणजे स्विच, वितळतार किंवा जोडणी यांत असतो. तेथे लागला तर तार वितरकाकडील अग्रावर न्यावी व एंजिन फिरवावे. संपर्क उघडे असता दिवा लागला पाहिजे व बंद होताच विझला पाहिजे. तो लुकलुकत असेल तर प्राथमिक मंडल बहुतांशी ठीक आहे. दिवा सतत जळत राहिला, तर संपर्क मिळत नाहीत, ते काजळले आहेत किंवा वितरकाच्या आतील तळपट्टी सांगाड्यापासून तुटली आहे. दिवा लागलाच नाही, तर दोन शक्यता उरतात व त्यांचा निवाडा करण्यासाठी वितरकाकडे जाणारी तार काढून पाहावी. आता दिवा लागला तर वेटोळे निर्दोष असून वितरकातील काँडेन्सर किंवा चल संपर्काचे निरोधन सांगाड्याला चिकटले आहे. तरीही लागला नाही तर प्राथमिक गुंडाळीच तुटलेली आहे.

प्राथमिक मंडल ठीक ठरल्यावर वितरकाच्या टोपणाच्या मध्यातील जाड तार काढून तिचे टोक एंजिनाच्या धातूपासून सुमारे ६ मिमी. दूर धरीत व एंजिन फिरवीत. खणखणीत निळी ठिणगी पडली तर वेटोळे सुटले. दोष पुढे रोटर, टोपण, तारा किंवा गुडद्या यांत. ठिणगी पिवळसर व क्षीण असेल, तर प्रथम काँडेन्सर बदलून पाहणे शहाणपणाचे, कारण तो स्वस्त असतो. तुटलेल्या काँडेन्सरमुळे संपर्कांमध्ये मोठी ठिणगी दिसते व ते लवकर जळतात. त्यांपैकी एकावर खळगा व दुसऱ्यावर टेंगूळ आलेले दिसले, तर काँडेन्सरचे मूल्य एंजिनाला जुळत नाही असे समजतात. रोटर तपासण्यासाठी हीच जाड तार त्याच्या पितळी पट्टीजवळ धरीत. पट्टी कशालाच जोडलेली नसल्याने तिच्यावर सलग ठिणग्या पडू नयेत. पडल्या तर वीज रोटरला भोक पाडून आतील दांड्यात उतरत आहे.

या क्रमाचे सौंदर्य असे की, प्रत्येक पायरीला अर्धे मंडल संशयातून मुक्त होते. प्रत्यक्षात कर्मशाळांतून हा क्रम फारसा पाळला जात नसे. प्रस्तुत लेखकाच्या गाडीत एकदा चढावर एंजिन अडखळू लागले, तेव्हा एका कर्मशाळेत लागोपाठ दोन वेटोळी बदलण्यात आली. दोष होता तो वितरकातील तळपट्टीला सांगाड्याशी जोडणाऱ्या बोटभर लवचिक तारेत. निर्वात-नियंत्रकाने पट्टी सरकली की आतून तुटलेली ती तार सुटे, आणि गाडी उभी असताना पुन्हा जुळे. काढून टाकलेली दोन्ही वेटोळी पुढे अनेक वर्षे चालली.

कोकणात व मुंबईत पावसाळ्यात होणारा बिघाड निराळा असे. टोपणाच्या आतबाहेर बाष्प जमले की वीज गुडदीकडे न जाता ओलसर पृष्ठभागावरून वाट काढी. कोरड्या फडक्याने टोपण व तारा पुसल्या की गाडी सुरू होई. म्हणून पद्मिनी टॅक्सीच्या चालकाजवळ असे फडके हमखास असे. परंतु वीज एकदा पृष्ठभागावरून गेली की तेथे कर्बाची केसासारखी रेषा राहते, ती स्वतःच विद्युत् वाहक असते आणि पुसून जात नाही. कोरड्या दिवसातही रुसणाऱ्या गाडीच्या टोपणात ही रेषा उजेडात तिरकी धरून शोधावी लागे. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

आणखी एक दोष इतिहासाच्या ओघात निर्माण झाला. ठिणगी-गुडदीचे मधले विद्युत् अग्र सर्वांत तापलेले असते व तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात. म्हणून ते ऋण असले तर ठिणगीला कमी दाब पुरतो. ब्रिटिश गाड्यांत घटमालेचे धन अग्र सांगाड्याला जोडण्याची प्रथा होती, ती १९६० नंतरच्या दशकात बदलून ऋण अग्र जोडण्यात येऊ लागले. या संक्रमणात असंख्य वेटोळी उलटी जोडली गेली. अशी गाडी चालते, पण थंडीत सुरू होण्यास कुरकुरते आणि गुडदी थोडी झिजली की चुकू लागते. दिव्याच्या चाचणीत हा दोष दिसत नाही.

दोलनदर्शक : दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या प्रवासी विमानांच्या एंजिनांत अठरा सिलिंडर व छत्तीस गुडद्या असत. एकेक गुडदी काढून पाहणे अशक्य असल्याने उड्डाण चालू असतानाच प्रत्येकीच्या मंडलाचे चित्र ऋण किरण दोलनदर्शकावर दाखविणारी विश्लेषक यंत्रे वापरात आली. सुमारे दशकभरात तशीच यंत्रे अमेरिकेतील मोटार कर्मशाळांत पोहोचली. पडद्यावर प्रत्येक सिलिंडरासाठी प्रथम एक उभी रेषा उमटते. ती ठिणगी पडण्यास लागलेला दाब दर्शविते. मग ठिणगी टिकली तेवढी आडवी रेषा, नंतर वेटोळ्यात उरलेल्या ऊर्जेची विरत जाणारी आंदोलने व शेवटी संपर्क बंद असल्याचा सपाट भाग येतो. एकाच सिलिंडराची उभी रेषा फार उंच असेल, तर तार तुटलेली किंवा गुडदीची फट वाढलेली असते. ती बुटकी असून आडवी रेषा लांबली असेल, तर गुडदी काजळीने झाकलेली असते. आंदोलने दोन-तीनच उमटून विरली, तर वेटोळ्यातील काही वेढे एकमेकांना चिकटले आहेत किंवा काँडेन्सर गळतो आहे. उलटे जोडलेले वेटोळे तर चित्रच उलटे काढते. कंपकाच्या काळात कानाला मिळणारी माहिती अशा रीतीने कितीतरी अधिक तपशिलात डोळ्यांना मिळू लागली. ही यंत्रे महाग असल्याने भारतात ती फार थोड्या कर्मशाळांना परवडली.

चिकटलेल्या वेढ्यांचा दोष विशेष फसवा असतो. वीस हजारांपैकी शेदोनशे वेढे निकामी झाले, तरी ओहममापकावरील आकड्यात नजरेत भरेल असा फरक पडत नाही, पण चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा त्या बंद वेढ्यांतच खर्ची पडते. त्याचप्रमाणे निरोधनाला सूक्ष्म तडा असलेले वेटोळे थंड असता निर्दोष वाटते व तासभराने तापले की ठिणगी सोडून देते. वाटेत थांबून विश्रांती घेतली की गाडी पुन्हा चालू लागते आणि चालक पेट्रोलमध्ये कचरा होता असे समजतो. अशा वेटोळ्याची परीक्षा ते तापलेले असतानाच घेतली पाहिजे.

इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन : जळणाऱ्या संपर्कांऐवजी ट्रँझिस्टरने प्रवाह तोडण्याची पद्धत १९६३ मध्ये पाँटिॲक गाड्यांवर ऐच्छिक सोय म्हणून मिळू लागली. तिचा खरा प्रसार मात्र धूर-नियंत्रणाच्या कायद्यांनी घडवून आणला. क्रायस्लर कंपनीने १९७३ च्या आपल्या सर्व अमेरिकी गाड्यांवर ती बसविली व थोड्याच वर्षांत इतरांनी तिचे अनुकरण केले. बोश यांची प्रज्वलन व इंधन-अंतःक्षेपण यांचे एकत्र नियंत्रण करणारी यंत्रणा १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू गाडीत आली. पुढे वितरकही गेला, आणि प्रत्येक गुडदीच्या डोक्यावर स्वतंत्र वेटोळे बसू लागले. फोर्डच्या लाकडी डब्यांची एका सिलिंडरास एक वेटोळे ही योजना अशा रीतीने परत आली, आणि तिच्याबरोबर डब्या अदलाबदल करण्याची युक्तीही.

या यंत्रणांत जुनी ठिणगी पाहण्याची रीत मात्र घातक ठरते. दाब ३०–४० हजार व्होल्टांपर्यंत जातो व ऊर्जाही अधिक असते. तार मोकळी धरल्यास वीज वेटोळ्याचे निरोधन फोडून आतच मार्ग काढते, नियंत्रक जळू शकतो व माणसालाही जबर धक्का बसतो. त्यासाठी ठरावीक फटीचा, सांगाड्याला चिमट्याने जोडलेला चाचणी प्लग वापरावा.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना दोषांची नोंद गाडीतच ठेवणारी दुसऱ्या पिढीची पद्धत सक्तीची झाली; भारतात ती एप्रिल २०१३ पासून लागू झाली. ठिणगी चुकली की त्या क्षणी भुजादंडाचा वेग किंचित मंदावतो, त्यावरून संगणक चुकणारा सिलिंडर ओळखतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतो, तर पी ०३५१ म्हणजे पहिल्या वेटोळ्याच्या मंडलात दोष आहे, असे हे संकेतांक असतात. येथे ‘मंडल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संकेतांक वेटोळे खराब आहे असे सांगत नाही. पुरवठ्याची तार, जोडणीचा खटका, सांगाड्याकडची वाट, संगणकातील चालक ट्रँझिस्टर व वेटोळे यांपैकी कोठेतरी अपेक्षित घटना घडली नाही, एवढेच तो सांगतो. तरीही हा अंक दिसताच नवे वेटोळे बसविणे ही आता सार्वत्रिक रीत झाली आहे. दिव्याच्या काळातील जुनाच आळस यंत्राच्या अधिकारवाणीने बोलू लागला, असे म्हटल्यास ते कठोर असले तरी अन्यायाचे होणार नाही.

चुकीच्या निदानाची किंमतही वाढली आहे. न जळलेले पेट्रोल निष्कास नळीतील उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन पेटते व त्याची जाळी वितळवते. हा भाग वेटोळ्याच्या अनेक पट महाग असतो. म्हणून दोषदर्शक दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी तशीच दामटू नये. तसेच वेटोळे खरोखर जळालेले असले तरी ते का जळाले हे पाहावे लागते. गुडदीची फट झिजून वाढली किंवा मिश्रण विरळ झाले, तर ठिणगीला अधिक दाब लागतो व तो ताण वेटोळ्याच्या निरोधनावर पडतो. जुनी गुडदी ठेवून नवे वेटोळे बसविले तर तेही काही महिन्यांत त्याच वाटेने जाते.

आधुनिक वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध बहुधा एक ओहमपेक्षाही कमी असतो, आणि तीन-चार तारांच्या वेटोळ्यात चालक ट्रँझिस्टर आतच असल्याने ओहममापकाचा फारसा उपयोग होत नाही. प्रथम संशयित वेटोळे शेजारच्या सिलिंडरावर बसवून पाहावे. संकेतांक त्याच्याबरोबर गेला, उदाहरणार्थ पी ०३५१ चा पी ०३५२ झाला, तर वेटोळे दोषी. तो जागेवरच राहिला, तर किल्ली चालू असता जोडणीत घटमालेइतका दाब येतो का, सांगाड्याकडची तार अखंड आहे का व एंजिन फिरताना संगणकाचा स्पंद पोहोचतो का, हे क्रमाने पाहावे. तारेभोवती चिमटा लावून दोलनदर्शकावर प्रवाहाचा आलेख काढला, तर निर्दोष वेटोळ्यात तो उतरणीसारखा हळूहळू चढतो. आरंभीच तो सरळ वर उडी घेत असेल, तर वेढे चिकटलेले आहेत. दाब, स्पंद व आलेख तिन्ही ठीक असूनही गाडी खड्ड्यात चुकत असेल, तर एंजिन चालू ठेवून तारांचा जुडगा व प्रत्येक जोडणी हलवून पाहावी. एंजिनाच्या उष्णतेने ठिसूळ झालेला प्लॅस्टिकचा खटका आणि त्यातील सैल पडलेली पितळी जीभ बहुधा अशाच वेळी सापडते.